गडावर सामान बेवारस सोडण्याची शास्त्रोक्त पद्धत

शिकार आपल्याकडे बंद आहे. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि ज्या घरांत तीन पिढ्यांत कुणी घूससुद्धा मारली नव्हती, तिथेही "आमचे आजोबा पट्टीचे शिकारी" असं सांगायची सोय झाली. आता बंदूक मागून खात्री करून घेणार कोण? त्या आजोबांची नातवंडं हल्ली फोटोंची शिकार करतात. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरचा सूर्यास्त हे त्यातलं मोठं सावज. तसं गरीब आहे बिचारं. रोज येतं, वेळ पाळतं, पश्चिम सोडत नाही. तरी त्याला टिपायला मुंबई-पुण्याची माणसं शुक्रवारी रात्री निघतात, पाचनईहून दोन-अडीच तास गड चढतात, देवळाच्या आसपास तंबू ठोकतात आणि मग खऱ्या प्रश्नापाशी येऊन थांबतात. कडा इथून अर्ध्या-पाऊण तासावर. सामानाचं काय करायचं?

एकाने सामानापाशी थांबायचं, हे उत्तर सगळ्यांना माहीत असतं. तो एक कोण, यावर एकमत होत नाही. ज्याचा पाय दुखतोय असं चढताना सारखं ऐकू येत होतं, त्याचाही पाय नेमका साडेचारला बरा होतो. मग सामान एकटंच राहतं. हे काम पद्धतशीर कसं करावं, हे नवशिक्यांना कुणी शिकवत नाही, म्हणून हा प्रपंच. खालील कृती मी स्वतः करून पाहिलेली आहे.

साहित्य: दोन माणसांचे तंबू तीन. (दोन माणसांच्या तंबूत दीड माणूस मावतो, उरलेल्या अर्ध्यावरून रात्री भांडण होतं.) सॅक पाच. घरून दिलेला खाऊ, मुक्काम एका रात्रीचा असल्याने आठ दिवस पुरेल इतका. पितळी कुलूप लहान एक, किल्लीसकट. विश्वास चवीपुरता.

आधी जागा निवडावी. झाडाखालची निवडावी, शक्यतो उंबराखालची. दुपारी सावली मिळते आणि फोटोत तंबूवर कवडसे छान दिसतात. वर फांद्यांवर कोण राहतं, याची चौकशी करत बसू नये. आपण घर भाड्याने घेतानासुद्धा वरच्या मजल्यावर कोण आहे ते डिपॉझिट दिल्यावरच विचारतो.

मग खुंट्या. तंबूबरोबर नाजूक अ‍ॅल्युमिनियमच्या खुंट्या मिळतात. त्या ज्या देशात बनतात तिथे बहुधा जमीन मऊ असावी. सह्याद्रीत वीतभर मातीखाली कातळ लागतो आणि खुंटी तिसऱ्या घावाला इंग्रजी एस होते. अशा वेळी "राहू दे रे, आत सॅक आहेत की वजनाला" असं म्हणून उठावं. आमच्या शेजारी कॉलेजची दोन पोरं होती. त्यांनी हे वाक्य म्हटलं आणि सॅक पाठीला लावून कड्याकडे निघून गेली. म्हणजे वजनही गेलं. त्यांचा तंबू पठारावरून पिंपासारखा गडगडत गेला, आत दोन स्लीपिंग बॅगा घेऊन, आणि कारवीच्या जाळीत जाऊन अडकला. रिकामा तंबू म्हणजे पतंग असतो. फरक एवढाच, की याला कणी बांधायची सोय नसते. दोऱ्या दगडांना बांधाव्यात हे खरं. पण ते दगड उघड्यावर पडलेले घ्यावेत. तटाचा किंवा जोत्याचा घडीव दगड उपसून तंबूला लावणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्यासाठी या लेखात विनोद नाही.

आता खाऊ. तो सगळा एका जागी, तंबूच्या मधोमध ठेवावा. केळी असल्यास जाळीच्या बाजूला, म्हणजे बाहेरून दिसतात. चिवडा, लाडू आणि थेपले कागदात किंवा पातळ पिशवीत असावेत. घट्ट झाकणाचा डबा आणू नये. त्याने वास कोंडतो.

आणि शेवटी कुलूप, या कृतीचा आत्मा. तंबूच्या चेनला दोन खटके असतात. ते एकमेकांजवळ आणावेत, त्यांच्या भोकांतून कुलपाची कडी ओवावी, कुलूप दाबावं आणि ओढून पाहावं. कुलूप ओढून पाहिल्याशिवाय मराठी मध्यमवर्गीयाला जिना उतरता येत नाही, मग तो गडावर का असेना. मी तर चाळीस पावलं जाऊन परत आलो आणि पुन्हा ओढून पाहिलं. तेवढ्यात शेजारच्या झोपडीतल्या मावशी हंडा घेऊन टाक्यावरून येत होत्या. पाचनईची बरीच मंडळी, त्यातली पुष्कळशी महादेव कोळी समाजातली, सुट्टीच्या दिवसांत वर झोपड्यांतून चहा, सरबत, पिठलं-भाकरी देतात. मावशी थांबल्या, कुलपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"कापडाच्या घराला कुलूप कशाला, दादा?"

मी नुसता हसलो. अशा हसण्याला शहरात शिक्षण म्हणतात. आमच्या पाचांपैकी दोघांच्या सॅक तंबूत मावेनात, त्या बाहेरच तंबूच्या झडपेखाली सारून ठेवल्या. तेवढी गोष्ट मनाला लागून राहिली. वाटेभर मी म्हणत होतो, त्या दोन सॅकचं काही खरं नाही.

कोकणकड्याचं वर्णन मी करणार नाही, ते सगळ्यांनी केलेलं आहे. कडा वाटीसारखा आत वळलाय, खाली थेट कोकण, आणि खालून येणारा वारा इतका की हलकी वस्तू टाकली तर कधीकधी वर परत येते. एकाने टोपी टाकून पाहिली. आली नाही. कड्याच्या टोकाशी पोटावर झोपून खाली पाहतात, उभं राहून नव्हे, आणि फोटोसाठी तर मुळीच नव्हे; हे मात्र खरोखरच्या नवशिक्यांनी लक्षात ठेवावं. सूर्य बुडाला, फोटो निघाले, सगळ्यांच्या फोटोंत दुसऱ्याचं डोकं आलं, आणि आम्ही संधिप्रकाशात परत फिरलो.

परतल्यावर पहिल्यांदा कुलूप तपासावं. आमचं जागच्या जागी होतं. ओढून पाहिलं, पक्कं. मी विजयी मुद्रेने मागे वळलो, तर आमचा लीडर तंबूच्या मागच्या बाजूला उभा होता आणि त्याचं डोकं मला तंबूच्या आरपार दिसत होतं.

मागचं कापड वरपासून खालपर्यंत फाटलं होतं. आत नांगरट झाल्यासारखं दृश्य. चहाची पूड स्लीपिंग बॅगवर, मीठ सगळीकडे, टूथपेस्टची ट्यूब दातांनी भोकं पाडून पिळलेली. बाहेरच्या दोन सॅक मात्र जागेवर नव्हत्याच.

इथे पुढची पायरी येते. ती कुणाला शिकवावी लागत नाही. प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण ती आपोआप पार पाडतो. चेहरा गंभीर करावा, आवाज खाली आणावा आणि म्हणावं, "इथल्याच कुणाचं तरी काम आहे." आमच्यात ते वाक्य ज्याने म्हटलं तो बँकेत आहे. दुसऱ्याने फाटलेलं कापड बोटांनी चाचपून "चाकूच आहे हा" असा निर्वाळा दिला. तिसऱ्याला आठवलं, की त्या मावशींनी कुलपाची चौकशी केली होती. मी काही बोललो नाही. पण "केली होती खरी" असं मनात आलं, ते इथे लिहून ठेवतो.

तेवढ्यात वरून बिस्किटाचा रिकामा पुडा पडला.

उंबराच्या आडव्या फांदीवर एक माकड बसलं होतं. वानर नव्हे. नवशिक्यांना हा फरक कळत नाही, आणि सामान सोडणाऱ्याला तो कळायला हवा. वानर म्हणजे काळ्या तोंडाचं, राखाडी, लांब शेपटीचं. ते मुळात पानं खाणारं, पोटही त्यासाठीच घडलेलं. माकड तपकिरी, उघड्या गुलाबीसर तोंडाचं, डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखे केस. आणि त्याच्या गालांच्या आत पिशव्या असतात. मिळेल ते आधी गालांत भरायचं आणि सवडीने, सुरक्षित जागी बसून, गाल बाहेरून हाताने दाबत एकेक घास तोंडात आणून खायचं. म्हणजे आपल्याला पाच सॅक लागतात ते काम ते दोन गालांत करतं, आणि त्याला कुलूप लावावं लागत नाही.

आमचं माकड शांत होतं. दोन्ही गाल सुपारीएवढे नव्हे, चांगले लिंबाएवढे फुगलेले. हातात बाकरवडीचं पाकीट. ते त्याने आधी हुंगलं, उलटं केलं, पुन्हा हुंगलं. मग कोपरा दातांत धरून एका हिसक्यात फोडला. कात्री शोधत बसणाऱ्या आपल्या घरच्या माणसांनी ते पाहायला हवं होतं. एक बाकरवडी काढली, चावली, चेहरा किंचित आंबट केला आणि खाली टाकली. ती बँकवाल्याच्या पायाशी पडली. दुसरी काढली, ती ठेवून घेतली. मग आमच्याकडे असं पाहिलं, की आपणच त्याच्या घरात न विचारता आलो आहोत असं वाटावं. तसं ते होतंच म्हणा. अंधार वाढायला लागल्यावर ते उठलं आणि वरच्या फांद्यांत निघून गेलं.

चाकूवाला काही वेळ कापडाची शिवण पाहत राहिला.

मग मावशींची हाक आली. झोपडीत गेलो तर बाहेर ठेवलेल्या दोन्ही सॅक आणि पोरांच्या पळून गेलेल्या तंबूतल्या दोन्ही स्लीपिंग बॅगा कोपऱ्यात नीट रचलेल्या. टोळी आली तेव्हा मावशी गलोल घेऊन धावल्या होत्या. गलोल मारायची नसते, नुसती ताणून दाखवायची. दगड लावलाच पाहिजे असंही नाही. माकड ती वस्तू चांगली ओळखतं, आणि तिथल्या प्रत्येक झोपडीच्या दाराशी ती खुंटीला टांगलेली असते. सगळी टोळी झाडावर चढली. मावशींनी बाहेरच्या सॅक उचलल्या, आतल्या काढायला तंबूच्या दाराशी गेल्या.

"कुलूप व्हतं," त्या म्हणाल्या. "उघडं असतं तर समदंच उचलून आणलं असतं, दादा. मग मी पोराला बोलवायला गेले, तंवर ती मागून शिरली."

आमच्या कुलपाने त्या संध्याकाळी अडवलं ते एकाच माणसाला. किल्ली माझ्या खिशात होती. कड्यावर पोटावर झोपलो तेव्हा ती टोचत होती, म्हणून मला तिची सारखी आठवण होती.

चहा झाला. पिठलं-भाकरी झाली. बँकवाल्याने पैसे देताना मोड परत घेतली नाही. त्याच्या बाबतीत ही घटना दुर्मीळ आहे.

या विषयात परदेशी अनुभवाचीही जोड हवी, नाहीतर लेखाला वजन येत नाही. माझा आतेभाऊ अमेरिकेत, कोलोरॅडोमध्ये असतो. तिथे शिकार बंद नाही. परवाना काढायचा, हंगाम पाळायचा. त्याच्या ऑफिसातले दोघे दर सप्टेंबरात धनुष्यबाण घेऊन एल्क मारायला डोंगरात जातात. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला चुलतभाऊ, नर 300 किलोच्या आसपास भरतो. मारला तर मांस पाठीवरून खाली आणायला चार-पाच खेपा होतात. म्हणून एका वर्षी त्यांनी याला हमाल म्हणून नेलं. हा आमच्या घराण्यातला शिकारीचा एकमेव अस्सल पुरावा.

तर शिकारी पहाटे अंधारात तंबू सोडतात आणि रात्री अंधारात परततात. दिवसभर सगळा बाडबिस्तरा बेवारस. सरकारी जंगलांत बऱ्याच ठिकाणी एका जागी 14 दिवस राहता येतं, म्हणजे हा उद्योग आठवडाभरही चालतो. आणि तिथे वरच्या मजल्यावर अस्वल राहतं. हिवाळ्याआधी चरबी साठवायला काळं अस्वल दिवसाला 20,000 कॅलरीपर्यंत खातं. आमचा आठ दिवसांचा खाऊ म्हणजे त्याचा एक नाश्ता. म्हणून ते लोक खाण्याचा कण तंबूत ठेवत नाहीत. अस्वलाला उघडता येणार नाही असा जाड प्लॅस्टिकचा गोल डबा मिळतो. त्यात भरून तो लांब ठेवायचा, नाहीतर पिशवी दोरीने उंच फांदीला, खोडापासूनही दूर टांगायची. स्वयंपाकही तंबूपासून लांब. टूथपेस्ट, साबण, ओठांना लावायचं मलम, सगळं त्याच डब्यात, कारण अस्वलाला पुदिना आणि पेढा यांत भेदभाव नाही. काही जण तर दिवसा तंबूचं दार मुद्दाम उघडं टाकून जातात: यायचंच असेल तर आत ये, वास घे, काही नाही हे बघ आणि जा, पण कापड फाडू नकोस. मी आतेभावाला विचारलं, "आणि कुलूप?" तो हसला नाही. त्याला प्रश्नच कळला नाही.

हे वाचून कुणी शहाण्यासारखं वागायचं ठरवलं, तर या लेखाचा उपयोग नाही. पण सांगून टाकतो. खाऊ घट्ट डब्यात भरून झोपडीत द्यावा आणि कुणाचा किती ते सांगून जावं. पैसे, औषधं, गाडीची किल्ली आणि हेडलॅम्प अंगावर असावेत. संध्याकाळी कड्यावर जाताना "लगेच येऊ" म्हणून हेडलॅम्प मागे ठेवणाऱ्यांची परतीची वाट दुसऱ्याच्या मोबाइलच्या उजेडात होते. तंबू शक्यतो परत आल्यावर ठोकावा, तोवर तो गुंडाळलेलाच बरा. आणि माकडाला हौसेने एक बिस्कीट देऊ नये. आमच्या तंबूची पाठ ज्याने फाडली, त्याला पाकीट फोडायला आधी कुणीतरी आमच्यासारख्यानेच शिकवलं आहे.

रात्रीच्या मुक्कामाचं थोडक्यात. माकडं झोपली की उंदीर उठतात. गडावरच्या लेण्यांत मुक्काम करून सकाळी सॅकच्या कोपऱ्याला बोटभर भोक सापडलं नाही असा ट्रेकर मला अजून भेटायचा आहे. उरलेला खाऊ आम्ही मावशींच्या आढ्याला टांगला आणि पाच जण फाटक्या तंबूसकट तीन तंबूंत झोपलो. फाटक्यात मी. कुलूप माझं होतं.

इतकं सगळं शिकूनही एक प्रकरण राहून गेलं, ते दुसऱ्या दिवशीचं. सकाळी आम्ही केदारेश्वराच्या लेण्यात गेलो. मोठं शिवलिंग, भोवती कमरेएवढं बर्फासारखं पाणी, चार खांबांपैकी तीन तुटलेले आणि एक उभा. प्रदक्षिणा पाण्यातून चालत घालायची. तिथे बूट बाहेरच काढावे लागतात, त्याला कुलूप नाही, मावशी नाहीत आणि पर्यायही नाही. आत पाय बधिर होईपर्यंत एक फेरी मारली, कुडकुडत बाहेर आलो, तर चार जणांचे बूट होते आणि माझा एकच होता. लांब, लेण्याच्या उतारावरून एक पिवळसर कुत्रा तोंडात काहीतरी घेऊन, घाई न करता चालला होता. मी "ए" म्हणून ओरडलो. त्याने थांबून पाहिलं, मग तो चालतच राहिला. माझ्याजवळ गलोल नव्हती.

पाचनईपर्यंत मी उजव्या पायात बूट आणि डाव्या पायात मावशींच्या मुलाची स्लीपर घालून उतरलो. त्याचं माप सात, माझं नऊ. मावशी म्हणाल्या, "पुढच्या टायमाला आणून द्या." दिली आहे.

तरी हरिश्चंद्रगडावर जाणाऱ्या वाचकांना विनंती. देवळाच्या खालच्या अंगाला कुणाला करड्या रंगाचा, टाचेला एकदा शिवलेला, नऊ नंबरचा डावा बूट दिसल्यास मावशींच्या झोपडीत द्यावा. उजवा माझ्याकडे आहे, आणि तो चांगला चालतो.